चयापचय म्हणजे पचन नव्हे हो!

चोपड्याच्या एका ताईंनी विचारलंय की 'चयापचय बिघडला' म्हणायचं की 'बिघडलं', मुलीला कॉलेजात आतड्यातल्या जंतूंवर जेफ्री गॉर्डन या शास्त्रज्ञांनी केलेल्या संशोधनाबद्दल मराठीत बोलायचंय. सांगतो, पण आधी दुसरंच सांगतो, कारण ऐकून ऐकून डोकं उठलंय. आमच्या जळगावात भरीत-पुरी हाणून झाली की कुणीतरी पोटावरून हात फिरवत म्हणतंच, 'आज चयापचय होत नाहीये'. अरे बाबा, ते अपचन! सरळ अहिराणीत 'पोट दुखी ऱ्हायनं' म्हण की.

शब्दात 'पच' दिसलं की झालं यांचं पचन. तो 'पच' तिथे नाहीच मुळी. चय अधिक अपचय अशी फोड आहे, 'अप'चा प आणि 'चय'चा च शेजारी बसले एवढंच. पचनाचा धातू पच्, चयाचा चि. चय म्हणजे जमवणं, रचणं. अपचय म्हणजे झीज, मोड. शरीर छोट्या रेणूंपासून मोठे रेणू बांधतं तो चय, मोठे मोडून ऊर्जा काढतं तो अपचय. दोन्ही मिळून चयापचय, म्हणजे मेटॅबॉलिझम. संचय, निश्चय वगैरे मंडळी सगळ्यांना माहितीयेत, सोडा.

गॉर्डन यांचं काम सांगायचं तर हा फरक कळलाच पाहिजे. अमेरिकेत सेंट लुईसला वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत त्यांची लॅब. २००४ मध्ये त्यांच्या टीमने जन्मापासून निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जंतू दिले, तर १४ दिवसांत अंगातली चरबी साधारण ६० टक्क्यांनी वाढली आणि खाणं उलट कमी झालेलं! यातलं एक कारण पचनाच्या खात्यातलं, उंदराला स्वतःला न पचणारे वनस्पतींमधले पदार्थ जंतूंनी फोडून दिले. पण दुसरं बघा, चरबी साठवायला आवर घालणारं एक प्रोटीन आतड्यात तयार होतं, ते या जंतूंमुळे दबलं, म्हणून चरबी साठत गेली. हा चय! पुढे २००६ मध्ये लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनचं जनुक बिघडलेल्या लठ्ठ उंदरांचे जंतू निर्जंतुक उंदरांना दिले, तर सडपातळ उंदरांचे जंतू मिळालेल्यांपेक्षा त्यांची चरबी जास्त वाढली. जनुक बिघडलेलं एकाचं, चरबी चढली दुसऱ्याच्या अंगावर.

आता माझ्या आवडीचं. या चि धातूला 'वि' लावा, विचय, म्हणजे निवडून निवडून गोळा करणं, आणि तिथून आलं आपलं 'वेचणं'. गावाकडे 'येचणं'. दिवाळीच्या सुमारास अख्ख्या खानदेशात बाया कापूस वेचायला जातात तेच. पण मराठीत वेचणं म्हणजे खर्चणंसुद्धा! 'समाजासाठी आयुष्य वेचलं' म्हणतो ना आपण, तिथे काय आयुष्य गोळा केलं का? म्हणजे चय आणि अपचय दोन्ही एकाच शब्दात! व्युत्पत्तीवाले लगेच डोळे वटारतील की खर्चाचं वेचणं 'व्यय'वरून आलंय, दोन शब्द वेगळे, पुढे उच्चार एक झाले. ध्वनिनियमांची वही उघडून बसलं की असंच दिसणार. मला नाही पटत. कपाशीच्या बाजूने बघा की राव, बोंडातला कापूस वेचला तेव्हा बाईच्या ओटीत जमा झाला आणि झाडाचा गेला, एकाच हालचालीत दोन्ही अर्थ निघतात, त्यासाठी दुसरा धातू कशाला उसना आणायचा? आहे माझं मत, कोशात सापडणार नाही, नको सापडू दे. अन् मजा म्हणजे काया, निकाय यांतला 'काय'ही संस्कृत व्याकरणात याच चि पासून साधतात, म्हणजे देह हाच मुळात एक रचलेला ढीग.

हिंदीवाल्यांचं 'उपापचय' तर विचारूच नका. उपचय, म्हणजे बांधणी, आणि अपचय जोडायचे होते म्हणे, जोडताना पहिल्यातला चय गाळला, आता फोड करायला गेलं तर उप अधिक अपचय, नुसती झीजच हातात उरते, बांधणी गायब. आणि आपले जाहिरातवाले तेच उचलून मराठीत चिकटवतात! शब्द निदान उघडून तरी बघावा.

हां, ताईंचा प्रश्न. चयापचय पुल्लिंगी. बिघडला, मंदावला, सुधारला. 'बिघडली' ऐकू येतं ते 'चयापचय क्रिया'मधल्या क्रियेमुळे. 'बिघडलं' कुठून आलं तर मेटॅबॉलिझमला 'ते' म्हणायची सवय, दुसरं काय. आणि मुलीला म्हणावं 'चयापचयाचे जंतू' असं बोलू नकोस, जंतूंचा स्वतःचा चयापचय वेगळा असतो, 'चयापचयावर परिणाम करणारे आतड्यातले जंतू' म्हण, लांब वाटलं तरी चालेल.