१५० मुलं, १४ क्लब आणि तीच ती पाच-सहा नावं

तुम्ही लिहिलंय की तुमच्या लहान शाळेत वरच्या वर्गांत मिळून साधारण १५० मुलं आहेत, शिक्षक ११, आणि कागदावर क्लब १४. त्यातले निम्मे ओस पडलेत. उरलेल्यांत फिरून फिरून तीच पाच-सहा मुलं पदाधिकारी आहेत. रोबॉटिक्सला तर दोघंच येतात. आणि मुख्याध्यापकांना यादी कमी व्हायला नको आहे, कारण प्रवेशाच्या वेळी पालक ती वाचतात. मी लहान शाळांतच शिकवत आलो आणि क्लबांची जबाबदारी बहुतेक वेळा माझ्याकडे असायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यादी कमी कराच. वर्षभर चालणारे चार क्लब पुष्कळ झाले. साधा हिशेब बघा: प्रत्येक मुलाने एकेका क्लबात नाव घातलं तरी एका क्लबाच्या वाट्याला ११ मुलंही येत नाहीत. प्रत्यक्षात सगळी मुलं नाव घालतच नाहीत, आणि जी उत्साही असतात ती तीन-तीन ठिकाणी घालतात. मग निसर्ग मंडळाची बैठक असते तेव्हा त्यातली चार जण नाटकाच्या तालमीला असतात. उरलेली तिघं रिकामी खोली बघून परत जातात आणि पुढच्या वेळी फिरकत नाहीत. तुमच्या मुलांना रस नाही असं यावरून ठरवू नका. १४ क्लब एकमेकांचीच मुलं ओढताहेत, म्हणून सगळ्यांच्याच खोल्या अर्ध्या रिकाम्या दिसतात.

मोठ्या शाळेचं गणित निवडीवर चालतं: यादी लांब ठेवायची, ज्याला जे आवडेल ते तो घेईल. लहान शाळेने त्याची नक्कल करू नये, कारण तिच्याकडे याहून चांगली गोष्ट आहे. तिथे प्रत्येक मुलाची खरोखर गरज असते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या हायस्कुलांचा रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी केलेला अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पाहणीतल्या सगळ्यात मोठ्या शाळेत सगळ्यात लहान शाळेच्या ६५ पट मुलं होती. पण मुलांनी एकत्र येऊन काही करावं अशी ठिकाणं आणि प्रसंग, म्हणजे वर्ग, खेळ, बैठका, कार्यक्रम वगैरे, फक्त ८ पट होते, आणि त्यांचे प्रकार तर जेमतेम दीडपट. साहजिकच मोठ्या शाळेत बरीच मुलं प्रेक्षकांत बसत. लहान शाळेतलं मूल मात्र कुठे ना कुठे कामाला लागलेलं असे, जबाबदारीच्या जागी असे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो एडविन विलेम्स यांचा १९६७ सालचा अभ्यास. अभ्यासात मागे असलेल्या, सहसा कडेला पडणाऱ्या मुलांना शाळेच्या उपक्रमांत ‘आपण गेलं पाहिजे, आपली वाट बघताहेत’ असं वाटतं का, हे त्यांनी तपासलं. मोठ्या शाळांत अशा मुलांना तसं फारसं वाटत नव्हतं. लहान शाळांत ती इतरांइतकीच बांधलेली होती. तुमच्याकडेही अशी मुलं असतील. मागच्या बाकावर बसणारी, निकालाच्या दिवशी लवकर घरी जाणारी. क्लब मुख्यतः त्यांच्यासाठी चालवायचे, ही माझी ठाम भूमिका आहे. हुशार, धीट मुलांना क्लब नसला तरी ती आपली वाट काढतात.

म्हणून कोणता क्लब ठेवायचा हे ठरवताना मुलांना काय आवडतं याचा तक्ता भरून घेऊ नका. प्रत्येक क्लबाला एकच प्रश्न विचारा: इथे किती वेगवेगळी कामं आहेत, आणि ती झाली नाहीत तर कोणाचं अडेल? या प्रश्नावर चित्रपट क्लब, वाचन क्लब, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ क्लब लगेच गळतात. तिथे बसायचं आणि ऐकायचं असतं, कोणी आलं नाही तरी काही बिघडत नाही. वाचनाची आवड लावायची तर ग्रंथालय चालवायला मुलांना द्या, नोंदी त्यांना करू द्या, नवीन पुस्तकं त्यांना निवडू द्या.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते शाळेचं वर्तमानपत्र. भित्तिपत्रक असो, छापील असो, काहीही चालेल. माझ्या मते लहान शाळेला एकच क्लब परवडणार असेल तर तो हाच असावा. बातमी आणणारा वेगळा, मुलाखतीला जाणारी वेगळी, चित्र काढणारा, मुद्रितं तपासणारी, मांडणी करणारा, फोटोसाठी परवानगी मागणारी, आणि अंक वर्गावर्गात पोचवणारा. न बोलणाऱ्या मुलालाही इथे जागा असते. नावांचं शुद्धलेखन तपासणं हे काम मी नेहमी सगळ्यात अबोल मुलाकडे द्यायचो. त्यासाठी त्याला प्रत्येक वर्गात जाऊन ‘तुझं नाव नेमकं कसं लिहितेस?’ असं विचारावं लागे. दोन-तीन अंक निघेपर्यंत अख्खी शाळा त्याला ओळखू लागे.

वर्तमानपत्र सुरू करणार असाल तर दोन गोष्टी आधी लिहून घ्या. एक, कोणता मजकूर छापायचा नाही हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवा: कोणाच्या घरची गोष्ट, कोणाचे गुण, कोणाच्या दिसण्यावरची टिप्पणी. हे आधी ठरलं की ऐनवेळी अंक अडवला जात नाही आणि मुलांचा विरस होत नाही. दुसरं, चूक छापली गेली तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा मनापासून पाळतात.

नाटकाचं काम तुम्हाला माहीत आहेच, त्यावर लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की नाटक निवडताना पात्रं मोजू नका, पडद्यामागची कामं मोजा.

खेळ आणि स्पर्धांच्या बाबतीत मात्र लहान शाळा उगीच हार मानतात. ‘संघ पूर्ण होत नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय. संघ पूर्ण होत नसेल तर खेळ बदलावा. १९३४ साली नेब्रास्कातल्या स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकाने ११ जणांच्या अमेरिकन फुटबॉलचं ६ जणांचं रूप बसवलं, ते लहान शाळांना ११ मुलं जमवता येत नव्हती म्हणूनच. आज तिघा-तिघांचं बास्केटबॉल अर्ध्या मैदानावर खेळतात, आणि तो टोकियोपासून ऑलिंपिकमधला खेळ आहे. अल्टिमेट हा उडती चकती एकमेकांकडे फेकत खेळायचा सांघिक खेळ तर १९६८ साली न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या मुलांनीच सुरू केला. त्यात खेळाडू आपापले फाऊल स्वतः सांगतात आणि वाद झाला तर आपसांत मिटवतात. मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात, साहित्य म्हणजे एक चकती. ज्या शाळेत खेळाचा शिक्षक एकच आहे तिथे हा खेळ जरूर आणून बघा.

बुद्धिबळातही तेच. सोळा मुलं आली आणि तुम्ही बाद पद्धत ठेवलीत तर पहिल्या फेरीनंतर आठ जण घरी जातात, आणि घरी जातात ती नेमकी नवशिकी. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर १५ फेऱ्या होतात, तेवढा वेळ कोणाकडे नाही. स्विस पद्धत वापरा. १८९५ साली झुरिकमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची जोडी लावायची, कोणी बाद होत नाही, आणि १६ जणांत पाच फेऱ्यांत क्रमांक बऱ्यापैकी लागतात. हरणाऱ्यालाही तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत आपल्या तोडीचा खेळाडू मिळतो. जोड्या लावायचं काम एका मुलाला शिकवा. गणित आवडणारं मूल त्यात रमतं.

वादविवादासाठी मोठा गट लागतो असा समज आहे, तोही खरा नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादविवाद पद्धतीत तीन-तीन जणांचे दोन संघ असतात, आणि संघांना दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. सहा वक्ते, एक वेळ बघणारा, दोन-तीन परीक्षक. परीक्षकही मुलांमधूनच घ्या, निकालाची कारणं त्यांना उभं राहून सांगायला लावा.

निसर्ग मंडळ ठेवायचं असेल तर त्याला बाहेरच्या खऱ्या कामाशी जोडा. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षिगणना १९९८ साली सुरू झाली, आणि ती दर फेब्रुवारीत चार दिवस होते. किमान १५ मिनिटं दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. शाळेच्या आवारातून करता येतं. आपली नोंद जगभरच्या नोंदींत जाऊन बसते हे कळल्यावर मुलं अंदाजे आकडे टाकायचं थांबतात, पुन्हा मोजतात.

आता ‘तीच ती पाच-सहा मुलं’. लहान शाळेचा हा खरा धोका आहे आणि तो आपणच तयार करतो, कारण जो करतो त्यालाच आपण सांगतो. एका मुलाकडे एका वेळी एकच पद, हा नियम आजपासून करा. सदस्य तो कितीही ठिकाणी असू दे. प्रत्येक पदाबरोबर खालच्या वर्गातला एक जोडीदार नेमा, आणि वर्षाच्या शेवटच्या टप्प्यात काम जोडीदाराने करायचं, मोठ्याने फक्त बघायचं. सुरुवातीला कामं अडतील, अंक उशिरा निघेल. निघू दे. त्या पाचांपैकी एखादी मुलगी पद सोडताना रडेल, तिला वेळ द्या. तिला आजवर शाळेत किंमत त्या पदामुळेच मिळाली असं वाटत असतं.

वेळेबद्दल: शाळा सुटल्यावर क्लब ठेवलेत तर ज्यांना गाडी पकडायची असते, धाकट्या भावंडांना घरी न्यायचं असतं, ती मुलं आपोआप वगळली जातात. आठवड्यातली एक तासिका वेळापत्रकातच मिळवा. चार क्लबांपैकी दोन एका आठवड्यात, दोन पुढच्या आठवड्यात, म्हणजे मुलाला दोन ठिकाणी जाता येईल. बाकीच्या आवडी सहा-आठ आठवड्यांच्या फेरीत बसवा: ओरिगामी, कोडिंग, फोटोग्राफी, जे मुलं मागतील ते. फेरी संपली की तो गट रीतसर संपतो, बंद पडला असं कोणाला वाटत नाही. मुख्याध्यापकांची यादीही यातून भरलेली राहते, आणि त्या यादीतलं प्रत्येक नाव खरं असतं. पालकांना दाखवायला गेल्या वर्षीचे अंक आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवा.

शिक्षकाला त्या विषयातलं कळलंच पाहिजे असं नाही. किल्ली, हजेरी, पैसे आणि सुरक्षितता एवढं त्याने सांभाळलं की पुरे. पण प्रत्येक क्लबाची एक वही हवी: काय केलं, साहित्य कुठे आहे, कोणाला विचारायचं. शिक्षकाची बदली झाली की क्लब मरतो तो बहुधा वही नसल्यामुळे.

राहिली रोबॉटिक्सची दोन मुलं. त्यांना क्लबाच्या नावाची गरज नाही. त्यांना एक कपाट, आठवड्याला एक तास आणि जवळपास बसलेला एक मोठा माणूस हवा. त्यांना बाकीच्या क्लबांच्या अडचणी दाखवा. वादविवादाला वेळ संपल्याची घंटा लागते, नाटकाला दिव्यांचा खटका लागतो, निसर्ग मंडळाला रोजचं तापमान नोंदवणारं काहीतरी लागतं. त्यातलं काय आधी करायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि ज्यांच्यासाठी करताहेत त्यांच्याकडेच आधी मापं घ्यायला पाठवा.