बॅग एकच, पगार तीन

कळवा,
रविवार दुपार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा ऐरोली स्टेशनबाहेर तू घाईघाईत मोबाईल दाखवलास आणि मी चष्मा शोधेपर्यंत तुझी गाडी आली. घरी आल्यावर तुझ्या आईने दोन्ही गोष्टी पाठवल्या, त्या नीट वाचल्या. एक, शहापूर तालुक्यातल्या पोस्टात डाक सेवक म्हणून निवड झाल्याचं पत्र. दुसरं, महापेच्या पार्सल गोदामाचं. त्यांचा कागद नाहीच, व्हॉट्सॲपवरचा मेसेज आहे: पार्सलमागे 14 रुपये, गाडी तुमची, पेट्रोल तुमचं. आणि खाली तुझा प्रश्न, "काका, कुठे जास्त मिळतील?"

आज जास्त महापेला मिळतील. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर निवृत्त पोस्टमन म्हातारा पोस्टाचीच री ओढणार असं धरून तू पुढचं वाचशील.

दिवसाला 70 पार्सलं झाली तर 980 रुपये. महिन्याचे 26 दिवस भरलेस तर 25,480. पेट्रोलला रोजचे 150 धर, 3,900 गेले. राहिले 21,580. यातून स्कूटरचा हप्ता, टायर, ब्रेक, आणि पावसाळ्यात एमआयडीसीतल्या खड्ड्यांनी खाल्लेला शॉकॲब. गिऱ्हाईक घरी नसलं आणि पार्सल परत आणलं, तर त्या फेरीचे पैसे मिळतात का? रोखीच्या पार्सलात शंभराची नोट कमी निघाली तर कुणाच्या खिशातून? मेसेजात यातलं काही नाही. विचारून घे, आणि उत्तर लेखी माग. लेखी म्हटल्यावर समोरचा गडबडला की उत्तर मिळालं असं समज.

ते तुला कामगार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. शब्द गोड आहे, पण त्याच्या पोटात पीएफ नाही आणि ईएसआयसी, म्हणजे दवाखान्याचा सरकारी विमा, तोही नाही. नोकर म्हणून ठेवलं असतं तर 21,000 पर्यंतच्या पगाराला ईएसआयसी लागली असती. तुझे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली आहे. तिच्यात गिग कामगार, म्हणजे असे कामागणिक पैसे घेणारे 'पार्टनर', आले, कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे असंही आलं. चांगलं झालं. पण तो निधी सगळ्यांचा. तुझ्या नावाच्या पासबुकात दर महिन्याला पडणारी रक्कम ही वेगळी गोष्ट.

आणि नोकर म्हणून ठेवलं तरी डोळे उघडे ठेवायचे. माझ्या धाकट्याने एका कुरिअरवाल्याकडे अडीच वर्षं काढली. पगारपत्रकावर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसायचा, तो खूश. नोकरी सोडताना यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकून पासबुक उघडलं तर शेवटचे 11 महिने कोरे. कापले होते, भरले नव्हते. ते वसूल करायला त्याने किती चकरा मारल्या ते तो तुला सांगेल, मी सांगत बसलो तर माझं बीपी वाढेल. तू कुठेही लागलीस तरी दर तीन महिन्यांनी पासबुक बघत जा.

आता पोस्टाकडे येतो. इथे एक गोष्ट आमच्या घरच्यांनाही शेवटपर्यंत कळली नाही. खांद्याला टपालाची बॅग असलेला प्रत्येक माणूस लोकांना पोस्टमनच वाटतो. खात्याला तसं वाटत नाही: डाक सेवक वेगळा, खात्यातला पोस्टमन वेगळा.

शेवटच्या काही वर्षांत मी ठाण्यातल्या एका पोस्टात होतो. सकाळी बॅग फोडायची, टेबलावर ढीग ओतायचा आणि बीटप्रमाणे, म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाटपाच्या भागाप्रमाणे, खणांत टाकायचा. माझ्या शेजारी एक डाक सेवक उभा असायचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. बोटाला रबरी टोपी, मनगटावर डझनभर रबरबँड. पत्त्यावर त्याची नजर माझ्यापेक्षा जलद पडायची. 'शिवसेना शाखेच्या मागे, जिन्याखालची खोली' असल्या पत्त्याला तो एका सेकंदात खण दाखवायचा. पोस्टमनची एक जागा बरेच दिवस रिकामी होती, म्हणून ती बीट आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. लिफ्ट नसलेले चार मजले त्यानेही चढायचे आणि मीही. एकदा चहाच्या टपरीवर त्याने माझी पगाराची स्लिप मागितली. बघितली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "काका, तुमच्या घरभाड्याच्या भत्त्यात माझं राशन येतं." रागाने नाही म्हणाला. म्हणूनच मला ते लागलं.

तुझा हिशेब मांडतो. चार तासांच्या डाक सेवकाला मूळ 10,000. त्याला पगार म्हणत नाहीत, टीआरसीए म्हणतात, म्हणजे वेळेच्या हिशेबाचा भत्ता. वरची मर्यादा 24,470, आणि दर वर्षी 3 टक्के वाढ. कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर जुलै 2018 पासून हे आकडे लागू झाले. महागाई भत्ता मात्र केंद्र सरकारच्या बाकी नोकरांइतकाच, जुलै 2025 च्या दराने 58 टक्के. म्हणजे 10,000 वर 5,800, एकूण 15,800. घरभाडं नाही.

खात्यातल्या पोस्टमनची सुरुवात लेव्हल 3 वर, मूळ 21,700. त्यावर 58 टक्के म्हणजे 12,586. ठाणे-नवी मुंबई हे बृहन्मुंबईच्या पट्ट्यात, म्हणून घरभाडं 30 टक्के, 6,510. प्रवास भत्ता 3,600 आणि त्यावरही महागाई, मिळून 5,688. बेरीज 46,484. एनपीएस या पेन्शन योजनेचे तुझे दहा टक्के, साधारण 3,430 कापले जातात, पण सरकार वरून 14 टक्के, म्हणजे साधारण 4,800 तुझ्या खात्यावर टाकतं. सायकल भत्ताही असतो. सातवा वेतन आयोग म्हणाला बंद करा, सरकारने पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन एवढ्यांसाठी ठेवला आणि 90 चे 180 केले. तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, थट्टेने.

तासांच्या मानाने बघितलंस तर फरक तेवढा मोठा दिसणार नाही, चार तास आणि आठ तास. खरा फरक पुढे पडतो. खात्यातल्या माणसाला बढती नाही मिळाली तरी 10, 20 आणि 30 वर्षांनी वरची लेव्हल मिळते. डाक सेवकांसाठी 2024 मध्ये तशी योजना आली: 12, 24 आणि 36 वर्षांनी. बारा वर्षांनी किती, तर वर्षाला 4,320. महिन्याचे 360 रुपये. शिवाय वेतन आयोग त्यांना लागू होत नाही, त्यांच्यासाठी वेगळी समिती बसते, आणि तिचं सगळं मागून येतं. पासष्टीपर्यंत काम करता येतं, पण शेवटी पेन्शन नाही. सर्व्हिस डिस्चार्ज बेनिफिट नावाची योजना आहे, तिच्यात साठलेलं मिळतं.

सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलं होतं की ही नागरी पदं आहेत, तुम्हाला वाटेल तेव्हा हाकलता येणार नाही. एवढं कवच आहे. पण नेमणुकीच्या अटीत अजूनही लिहिलेलं असतं की उमेदवाराकडे उपजीविकेचं दुसरं साधन हवं. यावर घर चालत नाही हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. मला विचारशील तर त्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच.

हे सगळं वाचून तुला वाटेल, काका शहापूरला जाऊ नको म्हणतायत. उलट आहे. जा. पण तिथे थांबायला जाऊ नको.

मी 1985 मध्ये मुरबाडकडे ईडी म्हणून लागलो. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल. 'डाक सेवक' हे नाव 2001 च्या नियमांनी आलं. सायकलवर तीन गावं आणि एक पाडा. काम सकाळी अकराला संपायचं. पहिली साडेतीन वर्षं उरलेला दिवस मी काय केलं, तर कुणाच्या दुकानात माप मोजलं, कुणाच्या लग्नात वाढपी झालो, भाताच्या दिवसांत मजुरीला गेलो. चार पैसे हातात खेळायचे आणि चार तासांची नोकरी बारा तासांचा दिवस खाऊन टाकायची. खात्याच्या परीक्षेचा फॉर्म दोनदा माझ्यासमोरून गेला. शेवटी आमचे पोस्टमास्तर म्हणाले, "तू काय बॅगेबरोबर जन्माला आलास का?" मग अभ्यासाला बसलो, आणि 1991 मध्ये ठाण्यात पोस्टमन झालो. 2023 ला निवृत्त झालो तेव्हा पेन्शनच्या कागदावर नोकरीची सुरुवात 1991 लिहिली होती. ईडीची सहा वर्षं धरत नाहीत, नियमच तसा. दोनदा फॉर्म भरला असता तर त्यातली तीन तरी वाचली असती. ही चूक माझी.

म्हणून सांगतो, अकरा-बारा वाजता काम संपलं की तुझा दिवस तुझा आहे, तो दुसऱ्या ॲपला विकू नको. नियमित सेवेची ठरलेली वर्षं झाली की एमटीएस (पोस्टमनच्या खालचं खात्यातलं पद) आणि पोस्टमनच्या खात्यांतर्गत परीक्षांना बसता येतं. पोस्ट ऑफिस गाईड आत्ताच मिळव आणि ज्या दिवशी जे काम केलंस, त्याचा नियम त्याच रात्री वाच. पार्सल परत गेलं तर परतीचा नियम वाच. असा वाचलेला नियम परीक्षेत आठवावा लागत नाही. मोबाईलवर अंगठ्याने टाईप करण्यात तू पटाईत आहेस, पण ती सवय कीबोर्डवर चालत नाही. शहापुरात कुठेतरी टायपिंगचा क्लास लाव.

राहण्याचं बघ. रोज ऐरोली-ठाणे-आसनगाव करीन म्हणत असशील तर विसर. डाक सेवकाला त्या पोस्टाच्या बटवड्याच्या हद्दीत राहावं लागतं, आणि ते बरंच आहे, नाहीतर कसारा लाईनला उभं राहण्यातच तुझा अभ्यास जाईल. एका मुलीबरोबर खोली घे. घरी पैसे पाठवता येणार नाहीत, हे आईला आत्ताच सांग. मी पण सांगेन. दोन-तीन वर्षं घराने तुझ्या पैशांशिवाय चालवायला हवं. तुझ्या घरी ते जमत नसेल, वडिलांच्या औषधांचं वगैरे अडत असेल, तर मग माझा सल्ला बदलतो: महापे घे, पण लेखी घे, आणि अपघाताचा विमा स्वतःचा काढ. पोटापुढे पोस्ट नाही.

पोस्ट राहणार का, असं तुझा भाऊ विचारत होता. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यावरून त्याला वाटलं दुकान बंद होतंय. अरे, पासपोर्ट, बँकेची कार्डं, कोर्टाच्या नोटिसा कोण आणून देतं? पत्रं गेली, हे खरं. मीच शेवटचं हाताने लिहिलेलं आंतरदेशीय कधी टाकलं ते आठवत नाही. पण 2018 पासून पोस्टाची बँक आली आणि पोस्टमनच्या हातात बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. खेड्यात म्हातारीला तिचे पैसे दारात मोजून देणारी तूच असणार आहेस.

कामाच्या दोनच गोष्टी, बाकीचं तुला बॅगच शिकवेल. जिना न चढता 'दरवाजा बंद' असा शेरा कधी मारायचा नाही. आता ओटीपी आलेत, ॲपवर वेळ उमटते, पकडली जातेस. पण त्याहून वाईट म्हणजे एकदा मारला की सवय लागते. आणि कुणी कितीही आग्रह केला, उन्हात पाणी देतो म्हणालं, तरी उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. पाणी दारातच प्यायचं. हे मी पुरुषांनाही सांगायचो.

पुढच्या रविवारी ये. दहावीचं गुणपत्रक, जातीचा दाखला, आधार, सगळ्याच्या दोन-दोन प्रती आण. निवडीच्या पत्रावरचं नाव आणि गुणपत्रकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते आपण बसून बघू. पडताळणीत पोरं तिथेच अडकतात.

तुझा,
काका

ता. क. तुझी आई म्हणाली, कुणीतरी फोन करून 'ठाण्याच्या जवळचं पोस्ट लावून देतो, 40,000 लागतील' म्हणाला. डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर लागते, मुलाखत नसते, मुलींना अर्जाची फीसुद्धा नसते. त्याला एक रुपया देऊ नका. नंबर जपून ठेव, पुढच्या रविवारी मी बोलतो त्याच्याशी.