कागदी पट्टीवरचा ऑर्गन मिडीवर वाजवताना

प्रश्न : माझ्याकडे भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवर वाजणारा, हवेच्या दाबावर चालणारा यांत्रिक ऑर्गन आहे. गुंडाळ्या जीर्ण झाल्या आहेत. मूळ रचनेला धक्का न लावता तो मिडी फाइलवरून (कोणता स्वर केव्हा वाजवायचा याच्या सूचना असलेल्या संगणकीय फाइलवरून) वाजवता येईल का?

उत्तर : येईल. कागद ज्या भोकांच्या पट्टीवरून सरकतो त्या ट्रॅकर बारच्या प्रत्येक भोकातून एक नळी त्या स्वराच्या झडपेकडे जाते. या नळीत टी-जोड बसवून त्याच्या मोकळ्या तोंडाला छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलमधून वीज गेली की उघडणारा व्हॉल्व्ह) लावावा. व्हॉल्व्ह उघडून नळी बाहेरच्या हवेला मिळाली, की कागदातले भोक समोर आल्यावर जे घडते तेच घडते. मात्र तुमच्या ऑर्गनात कागद दाबाच्या बंद पेटीतून सरकत असेल, तर भोकातून दाबाची हवा नळीत शिरत असते. तेव्हा व्हॉल्व्हनेही दाबाचीच हवा पुरवायला हवी. खरेदीपूर्वी हे तपासून घ्यावे.

विजेचा भाग त्यामानाने सोपा आहे. १२ व्होल्टची, १२० ओहमची कॉइल १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. ४० व्हॉल्व्ह एकदम उघडले तर ४ अँपिअर लागतील, त्या हिशेबाने पॉवर सप्लाय निवडावा. मिडीच्या सूचनांनुसार व्हॉल्व्ह चालवणारा छोटा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर; तो आणि कॉइल यांच्यामध्ये यूएलएन २८०३ ही चिप चालते; तिच्यात आठ आउटपुट असून कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज जिरवणारे डायोड आतच असतात.

खरी अडचण हवेची असते. भोक झाकल्यावर नळी पूर्ववत व्हावी म्हणून प्रत्येक नळीला एक बारीक गळती-छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, आणि व्हॉल्व्हमधून त्याच्या कितीतरी पट हवा गेली नाही तर झडप आळसावते व द्रुत लयीत पुन्हापुन्हा येणारा स्वर एकमेकांत मिसळतो. कॅटलॉगातल्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा एकच व्हॉल्व्ह आणून, तो सर्वांत चपळ स्वराला आखूड नळीने जोडून, तोच स्वर भराभर वाजवून पाहावा. बाकीचे व्हॉल्व्ह मगच मागवावेत.

रजिस्टरांची (एकेका नाद-प्रकारच्या नळ्यांचा संच चालू-बंद करणाऱ्या यंत्रणांची) रचना बहुधा अशी असते, की एका स्पंदाने ते लागते आणि रद्द करणाऱ्या वेगळ्या स्पंदाने सुटते; त्यामुळे तिथे व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवू नये. पियानोसाठी केलेली मिडी फाइल थेट वापरण्याचा मोह आवरावा, कारण अशा ऑर्गनांत सप्तकातले काही स्वर मुळातच नसतात आणि रचना उपलब्ध स्वरांवर नव्याने बसवावी लागते.

मिडीवर वाजवताना ट्रॅकर बारवर बिनभोकाचा कागद घट्ट बसवायला विसरू नये. तो उघडा राहिला तर सगळे स्वर एकदम वाजू लागतील.