औद्योगिक सॉफ्टवेअरसाठी फ्रेमवर्क आधी बांधावं का?

तुम्ही विचारलंय की कुपवाड एमआयडीसीत तुमची छोटी टीम आहे, दर नव्या कामाला जुन्या प्रोजेक्टची कॉपी मारून फेरफार करावे लागतात, तर सगळीकडे चालेल असं ऑब्जेक्ट-ओरिएंटेड फ्रेमवर्क (क्लास नावाच्या तुकड्यांतून बांधलेला सामायिक सांगाडा, ज्यात दर कामाचा वेगळा भाग बसवायचा) एकदाच बांधून घ्यावं का.

बांधा, पण आधी नको. तीन वेगळ्या धाटणीची कामं पूर्ण करा आणि त्यांतून ते काढा. डॉन रॉबर्ट्स आणि राल्फ जॉन्सन या सॉफ्टवेअर अभ्यासकांनी फ्रेमवर्क कसं घडत जातं यावर लिहिताना तीन उदाहरणांचाच आग्रह धरलाय. मी याच भागात ऑटोमेशनचं काम करतो, आणि मला तो पूर्ण पटतो.

साखर कारखान्याचा ऊसकाटा घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटर सिरियल पोर्टवरून वजन पाठवत राहतो, ट्रॉली हलते तोवर आकडा नाचतो. स्थिरावला की भरलेलं वजन, गव्हाणीत ऊस टाकून गाडी परतली की रिकामं वजन, मग पावती. आता दूध संकलन केंद्र बघा. वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, पावती. दोन्ही शेजारी ठेवली की वाटतं, सभासद येतो, माल मोजतो, पावती घेतो, हाच गाभा. बेस क्लासमध्ये, म्हणजे बाकीचे ज्यावर उभे राहतात त्या मूळ क्लासमध्ये, सभासद आणि पावती जाऊन बसतात. मग तासगावकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज येतं. तिथं चोवीस तास तापमान वाचायचं आणि मर्यादा ओलांडली की अलार्म द्यायचा. पावतीचा संबंधच नाही! तेव्हा खरा गाभा दिसतो, तो म्हणजे मोजमाप: आकडा, एकक, वेळ, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का. ओपीसी यूए या औद्योगिक उपकरणांमधल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकातही प्रत्येक आकड्याला त्याची स्थिती आणि वेळ जोडायची सोय आहे. केबल निघाली तरी पडद्यावर जुनंच तापमान दिसत राहिलं, तर माल खराब होईपर्यंत कुणाला कळणार नाही.

बदलणाऱ्या जागा मात्र नीट हेरा. मॉडबस या उपकरणांशी बोलायच्या पद्धतीत रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) १६ बिटांचं, त्यामुळे ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत येतो, आणि आधी कोणतं रजिस्टर पाठवायचं हे प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. क्रम उलटा धरला तर नेमकं ४ अंश तापमान जवळजवळ ० म्हणून वाचलं जातं. कोल्ड स्टोरेजमध्ये ० बघून कुणी दचकतही नाही. हा क्रम कोडमध्ये गाडू नका, उपकरणाच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठेवा.

इनहेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासकडून वारसा घेऊन दुसरा बनवण्याचा, मोह आवरा. सुरुवातीला ते सोपं पडतं, पण खालच्या क्लासला वरच्याचं पोट माहीत असावं लागतं, आणि वर एक ओळ बदलली की चार गिऱ्हाइकांकडं काहीतरी हलतं. वाचणं, स्थिर झालं का तपासणं, नोंदवणं, कळवणं हा क्रम फ्रेमवर्कच्या ताब्यात ठेवा. 'स्थिर कधी म्हणायचं' आणि 'कुणाला कळवायचं' एवढ्याच जागा छोट्या इंटरफेसमधून (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणाऱ्या करारातून) मोकळ्या सोडा. तुमचा कोड त्या जागी बसेल, फ्रेमवर्क त्याला हाक मारेल.

पीएलसीवरही (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवरही) हे जमतं. पीएलसीच्या प्रोग्रॅमिंग भाषांचं मानक असलेल्या आयईसी ६११३१-३ च्या २०१३ च्या आवृत्तीत क्लास, मेथड आणि इंटरफेस आले आहेत. तुमच्या पीएलसीचं सॉफ्टवेअर ते देतं का, एवढं आधी बघून घ्या.

आणि नकली उपकरण पहिल्या दिवसापासून लिहा. काट्यावरून येणारे बाइट्स फाइलमध्ये साठवायचे आणि ऑफिसात तेच फ्रेमवर्कला पाजायचे: ट्रॉली हलतानाचे, मधेच तुटलेले, सगळे. गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावर वाहनांची रांग रात्रंदिवस असते, तिथं कुणी चाचणीला काटा मोकळा करून देणार नाही. म्हणून फ्रेमवर्कची नवी आवृत्ती कारखान्यात लावायची ती पावसाळ्यात, आणि हंगामभर तिला हात लावायचा नाही.