मार्च-एप्रिलमध्ये मुलांचाच राग येतो, नोकरी सोडू का?

वार्षिक परीक्षा जवळ आल्या की समुपदेशनासाठी आमच्याकडे शिक्षिका येतातच. शाळेतल्या नर्स मात्र फार कमी येतात, आणि येतात तेव्हा बहुतेक वेळा राजीनामा लिहून झालेला असतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खासगी विनाअनुदानित शाळेतल्या नर्सची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलं त्यांना 'सिस्टर' म्हणतात, इथेही तेच म्हणू.

त्यांचा प्रश्न सरळ होता : "मॅडम, दारात पोर उभं दिसलं की आधी माझ्या कपाळाला आठी पडते. अशा बाईनं नर्स राहावं का?"

यामागे एक प्रसंग होता. चौथीतला एक मुलगा गणिताच्या पेपराआधी पोट धरून आला. घरी तेलुगू बोलणारा, त्यामुळे "कडुपु नोप्पि" (पोट दुखतंय) एवढंच पुटपुटत होता. पेपराच्या दिवशी पोट दुखणारी मुलं त्या आठवड्यात रोजच येत होती. सिस्टरांनी थर्मामीटर हातात घेतला, न लावताच परत डब्यात ठेवला आणि म्हणाल्या, "नाटकं पुरे, जा वर्गात." पोरगं निमूट गेलं. दोन दिवसांनी त्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या, पुढच्या काही दिवसांत त्याच वर्गातली आणखी मुलं आजारी पडली, आणि तो सगळा दोष सिस्टरांनी स्वतःच्या माथी घेतला.

अशा वेळी "जाऊ द्या, होतं असं" म्हणून समजूत काढण्यात अर्थ नसतो. समोरची बाई प्रशिक्षित नर्स आहे, तिला हिशेबच मांडून दाखवावा लागतो. कांजिण्या पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतात. संसर्ग झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. म्हणजे ज्या मुलांना लवकरच पुरळ आलं, त्यांना लागण या मुलाकडून झालेलीच नव्हती, सगळ्यांना ती आधीच कुठून तरी झाली होती. त्या सकाळी ताप पाहिला असता तरी पुरळाआधी कांजिण्या ओळखता आल्या नसत्या. एवढा दोष त्यांनी खाली ठेवायला हवा होता. मुलावर खेकसल्या हे मात्र खरं होतं, आणि त्याची भरपाई करता येत होती. खपल्या वाळून मुलगा शाळेत आल्यावर सिस्टरांनी त्याला बोलावून सांगितलं, "त्या दिवशी मी चिडले, तुझं काही चुकलं नव्हतं." मुलानं मान डोलावली आणि दंडावरचे व्रण दाखवायला बाही वर केली.

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात (२०२२ पासून लागू) बर्नआउट हा आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदलेला आहे. कामावरचा ताण दीर्घकाळ न आवरल्यानं ती येते आणि तिची तीन अंगं आहेत : त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मुलांचा राग येणं हे यातलं दुसरं अंग. 'माझी माया आटली' असा अर्थ बायका लावतात, तिथेच घोटाळा होतो.

पण बर्नआउटचा शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली, नैराश्य. रविवारी, सणाला, माहेरी गेल्यावर मन थोडं तरी उघडतं का? सिस्टरांचं उघडत होतं. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी त्यांचे ८ गुण आले. १० किंवा जास्त आले असते तर पुढची तपासणी लगेच करावी लागली असती. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच बैठकीत त्यावर बोलावं लागतं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. तो जवळ असू द्यावा.

दुसरी गोष्ट, शरीर. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईचं ते १२ च्या खाली असलं की रक्तक्षय म्हणतात. सकाळची शाळा सातची, घरून चहा-बिस्किटावर निघायचं आणि दुपारपर्यंत आणखी तीन चहा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा बंद केला. धाप आणि चिडचिड यांतला बराचसा भाग या ९.४ चा होता, हे कळल्यावरच सिस्टर पहिल्यांदा मोकळं बोलल्या.

मग आजारी खोलीचं रजिस्टर मागवलं. दोन आठवड्यांच्या नोंदींपुढे त्यांनी एक जादा रकाना आखला : 'हे काम नर्सनंच करायला हवं होतं का?' दिवसाला चाळीसच्या आसपास मुलं येत होती. ताप, दमा, डोक्याला मार, चक्कर, रक्त न थांबणारी जखम अशी खरोखर नर्सची कामं त्यातली दहा-बारा. बाकीची खरचटलेली, रिकाम्या पोटी आलेली, पाण्याची बाटली विसरलेली, सॅनिटरी पॅड हवं असलेली, पेपराला घाबरलेली. माणूस थकतो तो बहुधा अशा सतत तुटणाऱ्या कामानं. हातातलं काम सुटतं, पुन्हा धरायचं, पुन्हा सोडायचं, आणि काही चुकलं तर जबाबदार एकटी नर्स.

मुख्याध्यापिकांशी बोलून प्रत्येक मजल्यावर एक डबा ठेवला : साबण, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, पॅड आणि ग्लुकोज बिस्किटं. औषध एकही नाही. खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं आणि पट्टी लावायची, हे वर्गशिक्षिकेनंच करायचं. नर्सकडे पाठवायचं तर वेळ आणि कारण लिहिलेली चिठ्ठी द्यायची.

पहिल्याच आठवड्यात हे अंगावर आलं. दम्याची एक मुलगी धापा टाकत बसून राहिली, कारण बाई वर्गाबाहेर होत्या आणि चिठ्ठी द्यायला कुणी नव्हतं. कोणताही नियम कडक केला की शांत मुलं आधी भरडली जातात. म्हणून प्रत्येक वर्गाच्या दारामागे लाल कागद लागला : धाप, फिट, डोक्याला मार, बेशुद्धी, चावा किंवा दंशानंतर चेहऱ्यावर सूज, यांना चिठ्ठी नाही, सोबत एक मूल देऊन ताबडतोब पाठवा आणि चालता येत नसेल तर सिस्टरला वर बोलवा. डोक्याला मार लागून उलटी, झापड किंवा वाढती डोकेदुखी असेल तर आजारी खोलीत झोपवून ठेवायचं नाही, थेट रुग्णालयात न्यायचं.

पेपरामुळे पोट दुखणाऱ्यांसाठीही क्रम ठरला. आधी थर्मामीटर, मग 'सकाळी काय खाल्लंस', मग उजव्या बाजूला खाली दाबून दुखतं का, उलटी-जुलाब आहेत का. काहीच नसेल तर पाणी, दोन बिस्किटं, दहा मिनिटं बसणं आणि परत वर्ग. क्रम ठरलेला असला की दर वेळी 'खरं की नाटक' हा निवाडा करावा लागत नाही, आणि मनाला थकवतो तो हाच निवाडा.

सगळ्यात मोठं ओझं आरोग्यपत्रिकांचं होतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणी करतं. इथे सगळं नर्सच्या गळ्यात. मार्च निम्मा सरला तरी ४१० पत्रिका बाकी होत्या. एका पत्रिकेला चार मिनिटं धरली तरी सत्तावीस तास, आणि सिस्टरांना सलग पंधरा मिनिटंही मिळत नव्हती. त्यामुळे पत्रिका घरी नेऊन त्या रात्री भरत बसायच्या. मग उंची-वजन खेळाच्या तासाला क्रीडाशिक्षकांनी घेतलं, नोंदी लिपिकानं चढवल्या. नजरतपासणी तेवढी सिस्टरांकडे राहिली, सहा मीटरवरून तक्ता वाचून घेणं. रोज पंचवीस मुलं, सव्वाअकरा ते बारा, दार बंद. पत्रिका घरी न्यायच्या नाहीत, ही अट त्यांनी स्वतःच घातली.

झोपेचा प्रश्न वेगळाच निघाला. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि त्यांच्या गल्लीत ते अपरात्री यायचं. पाण्याच्या रात्री जेमतेम चार तास झोप, आणि सकाळी परिपाठाला उन्हात चक्कर आलेली मुलं उचलायची. चिडल्याचे प्रसंग तारखांसह लिहून काढले तेव्हा निम्म्याहून जास्त पाण्याच्या दुसऱ्या दिवशीचे होते. नवरा आणि कॉलेजातला मुलगा यांनी पाण्याची पाळी वाटून घेतली. सासूबाईंना सुरुवातीला हे रुचलं नाही, नंतर त्या स्वतःच मुलाला उठवू लागल्या.

राजीनाम्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : सुट्टीचे पहिले दहा दिवस जाईपर्यंत तो देऊ नये. त्या दहा दिवसांत झोप भरून निघते, त्याआधीचा निर्णय थकव्याचा असतो. पण नुसती सुट्टी पुरत नाही. जूनमध्ये तीच खोली आणि तेच चाळीस जण असतील तर ऑगस्टपर्यंत पुन्हा तेच. म्हणून रजिस्टरचा गोषवारा जोडून व्यवस्थापनाला तीन मागण्यांचं पत्र एप्रिलमध्येच द्यायला सांगितलं, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरायच्या आधी : दोन शिक्षकांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, पत्रिकांचं काम ऑगस्टपासून सुरू, आणि जेवणाच्या अर्ध्या तासाला बदली माणूस. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीला नकार आला, त्यावर अजून बोलणं चालू आहे.

सिस्टरांनी दिवाळीपर्यंत राहून मग ठरवायचं म्हटलंय. तोवर रजिस्टरचा जादा रकाना चालू ठेवायचा, आणि दुसरीकडे जायचंच झालं तर रात्रपाळी झेपेल का याचा घरात विचार करायचा. सोलापुरात रुग्णालयं भरपूर आहेत, मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडून कर्नाटकातूनही रुग्ण येतात, त्यामुळे नर्सला काम मिळतं, पण वॉर्डमध्ये रात्रपाळी चुकत नाही. नेमणूकपत्रात नोटिशीचा काळ किती आहे तेही पाहायचं. आणि शाळा सोडली तरी दमा, फिट्स, अॅलर्जी असलेल्या मुलांची यादी आणि औषधांच्या मुदतीच्या तारखा नव्या नर्सच्या हाती लेखी द्यायच्या, तोंडी नाही.