कॉमेट की टियागो ईव्ही? आधी पार्किंगमधल्या मीटरचं बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. रोजचं चाळीसेक किलोमीटर, महिन्यातून एकदा १३० किलोमीटरवरचं गाव, एमजीची कॉमेट आणि टाटाची टियागो ईव्ही या दोन छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये अडकलाय, आणि शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय की "चार्जिंगचं सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणं झालंय, ते हो म्हणालेत". त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसले, कारण २०२३ च्या शेवटी आमचंही अगदी असंच बोलणं झालं होतं.

रेंज, फीचर्स, रंग यावर इतरांनी भरपूर लिहिलंय, ते सोडते. टेस्ट ड्राइव्ह घ्यायची हेही सांगायला नको.

तर आमचं असं झालं. सेक्रेटरी तोंडी हो म्हणाले, आम्ही टियागो बुक केली, जुनी पेट्रोल गाडी विकून मोकळे झालो. गाडी दारात आली आणि कमिटीने सांगितलं की विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल. कशीबशी एनओसी, म्हणजे सोसायटीचं ना-हरकत पत्र, मिळवली, ती घेऊन पार्किंगमध्ये वेगळा मीटर मागायला वीज ऑफिसला गेले. पहिल्या वेळी, एनओसी लेटरहेडवर नाही म्हणून परत. दुसऱ्या वेळी, पार्किंग तुमच्या नावावर असल्याचं पत्र कुठंय. तिसऱ्या वेळी सगळं लावून अर्ज दिला, टेबलावरच्या बाई "ठेवून जा" म्हणाल्या आणि मी ठेवून आले. सहा आठवड्यांनी चौकशीला गेले तर त्या बाईंची बदली झालेली, आणि नवीन माणूस म्हणतो असा अर्जच आलेला नाही. माझ्याकडे इनवर्ड नंबर (अर्ज आल्याची नोंद केल्याचा क्रमांक) नव्हता, शिक्का मारलेली प्रत नव्हती, काहीच नव्हतं. त्या दिवशी जिन्यात बसून रडले मी, खरं सांगते. आमचे चार महिने त्या एका शिक्क्यापायी गेले. बाकी चुका निस्तरता आल्या, ही नाही.

आणि या काळात गाडी चार्ज कशी करत होतो? पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली एक्स्टेंशन सोडून. हे कृपा करून कोणी करू नका. फेब्रुवारीत एका सकाळी खाली गेले तर जळक्या बॅकेलाइटचा वास, एक्स्टेंशन बोर्डाचं झाकण तपकिरी पडून आत बसलेलं आणि प्लग निघेचना. नवऱ्याने वरून मेन बंद करून पक्कडीने ओढला तेव्हा एक पिन आतल्या पितळी पत्रीसकट बाहेर आली. नंतर वायरमनने समजावलं ते आधी कळायला हवं होतं. ३.३ किलोवॅटचा चार्जर म्हणजे १४ अँपियरच्या वर करंट, आणि तो सलग आठ-नऊ तास. गिझर पंधरा मिनिटं चालतो, त्यामुळे सैल सॉकेट त्याला खपून जातो, गाडीला खपत नाही. पॉइंट नवीनच हवा, थेट मीटरवरून जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पडणारा), चांगला इंडस्ट्रियल सॉकेट, आणि अर्थिंग तपासून घेतलेलं. अर्थिंग नसेल तर बरेच चार्जर लाल दिवा दाखवून चार्जच करत नाहीत आणि लोक गाडीला नावं ठेवतात.

त्या प्रकारानंतर कमिटीने चार्जिंगच बंद करायला लावलं, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पुढचे तीन महिने आम्ही फक्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर काढले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. टियागोला डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे बाहेरच्या मोठ्या चार्जरवर भराभर चार्ज व्हायची सोय, आहे, १० ते ८० टक्के साधारण तासाभरात होते. कॉमेटला डीसी चार्जिंग नाहीच. आमच्याकडे कॉमेट असती तर ते तीन महिने ती कव्हर घालून ठेवावी लागली असती. आता कॉमेटच्या वरच्या व्हेरियंटमध्ये ७.४ किलोवॅटचा एसी (घरच्या विजेवर चालणारा) चार्जर मिळतो, पण त्याचा उपयोग घरी तेवढा लोड मंजूर असेल तरच, म्हणजे ३२ अँपियर, म्हणजे पुन्हा तेच ऑफिस. टियागोच्या ७.२ वाल्यालाही हेच लागू. तुमच्या चाळीस किलोमीटरला रात्रभराचं ३.३ भरपूर होतं, तेव्हा त्याच्यामागे लागू नका असं मी सांगेन.

कॉमेट वाईट आहे असं अजिबात नाही हं. तीन मीटरपेक्षाही कमी लांबी, गल्लीत एका झटक्यात वळते, पार्किंगला सोन्यासारखी. घरात दुसरी गाडी असेल, चार्जिंग पॉइंट पक्का असेल आणि गाडी शहरातच फिरणार असेल तर मी कॉमेटच घ्या म्हणेन. पण दारं दोनच. माझ्या सासूबाईंना टेस्ट ड्राइव्हला मागे बसवताना पुढची सीट सरकवून, त्यांचा एक हात धरून, गुडघा आधी आत घालायला लावला, आणि उतरताना तर दोघांनी धरलं. तुमच्याकडे कोणी वयस्क असतील तर त्यांनाच शोरूमला घेऊन जा.

गावाचं गणित असं. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटची, कंपनी २३० किलोमीटर सांगते. मोठ्या बॅटरीच्या टियागोची २४ युनिटची, तेव्हा ३१५ सांगायचे, मला गाडीतला एसी लावून १९० ते २०० मिळतात (माझं चालवणं, माझा रस्ता, तुमचं वेगळं असू शकतं). कॉमेटनेही १३० एका दमात होतील, पण पोचल्यावर लाइट गेलेली असली तर परत कसे येणार? १९.२ युनिटच्या छोट्या बॅटरीची टियागो मी तुमच्या जागी घेतली नसती. बॅटरी भाड्याने घ्यायच्या स्कीममध्ये दर किलोमीटरला पैसे मोजतात, तुमचं रनिंग बघता नीट हिशोब करा आणि महिन्याला किमान किती किलोमीटरचे धरणार ते लेखी विचारा.

आता कागदांचं. मी वकील नाही, आणि ऑफिसागणिक अनुभव वेगळा असतो. पण केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल झाला, त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी मागितल्यास वेगळं कनेक्शन मिळू शकतं, आणि अर्ज पूर्ण असेल तर नवीन कनेक्शनची मुदत महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. हा नियम आला तेव्हा माझा अर्ज कुठे होता हेच कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे मला त्याचा काही उपयोग झाला नाही. दिवस मोजायचे तर तारीख लागते, आणि तारीख इनवर्डच्या शिक्क्यावर असते. अर्ज ऑनलाइन भरता आला तर तसाच भरा, नंबर आपोआप मिळतो. हाताने दिलात तर शिक्का मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका, समोरचा कितीही घाई करू दे.

सेक्रेटरींकडून एनओसी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, तुमच्या पार्किंगच्या नंबरासह घ्या. आणि ती हातात येईपर्यंत बुकिंग करू नका, डिस्काउंट महिनाअखेरपर्यंतच आहे असं सेल्सवाला म्हणाला तरी.

एक आठवलं ते सांगून टाकते, दोन्ही गाड्यांमध्ये साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, ती बसली की मोठी बॅटरी फुल असूनही गाडी सुरू होत नाही, लांब सुट्टीवर जाताना लक्षात ठेवा. स्टेपनी देतात की नुसतं पंक्चर किट, तेही विचारून घ्या.

सेक्रेटरींनी लेखी दिलं की इथे कळवा, वीज ऑफिसच्या अर्जाला काय काय जोडलं होतं त्याची माझी यादी अजून आहे, ती टाकते.