शेपटीचा पंखा नसलेलं हेलिकॉप्टर गरगरत का नाही?

जुहू चौपाटीवरून दिसलेल्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला पंखा नव्हता, नुसतं गोल भोक होतं, मग ते स्वतःभोवती फिरत कसं नाही, असं तुम्ही विचारलंय. पंखा आहे, त्या भोकातच आहे. ते बहुधा पवनहंस या सरकारी कंपनीचं डॉफिन जातीचं हेलिकॉप्टर असणार. जुहूहून बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या फलाटांवर माणसं नेण्याचं काम ती वर्षानुवर्षं करत आली आहेत. या बंदिस्त पंख्याला फेनेस्ट्रॉन म्हणतात. फ्रेंचांनी तो १९६० च्या दशकात गझेल या हेलिकॉप्टरवर आणला. जमिनीवर वावरणाऱ्या माणसांना पात्यांचा धोका कमी, मात्र वजन थोडं जास्त.

मूळ भानगड अशी, की इंजिन वरची पाती एका दिशेला फिरवतं तेव्हा धड उलट्या दिशेला फिरू बघतं. त्याला कुणीतरी अडवायलाच हवं, आणि शेपटीचा पंखा तेच करतो.

शेपटीवर पाती अजिबात नसलेला प्रकार म्हणजे नोटार, म्हणजेच ‘नो टेल रोटर’. अमेरिकेतल्या ह्यूज कंपनीचं प्रायोगिक यंत्र १९८१ मध्ये उडालं, पुढे एमडी ५२०एन हे हेलिकॉप्टर आलं. यात पंखा असतो, पण शेपटीच्या पोकळ नळीच्या तोंडाशी, आत लपलेला. तो नळीत हवा भरतो आणि ती उजव्या बाजूच्या लांबट फटींतून बाहेर पडते. वरच्या पात्यांचा झोत नळीवरून खाली येताना या हवेमुळे उजव्या अंगाला चिकटून वळतो. नळाच्या धारेला चमच्याची पाठ लावली की चमचा धारेकडे ओढला जातो, तसंच. त्या बाजूला दाब कमी होतो, शेपूट उजवीकडे ओढली जाते आणि धडाचं फिरणं थांबतं. उरलेली हवा टोकाच्या फिरत्या झडपेतून सुटते. वैमानिकाचे पेडल तिलाच वळवतात. वेगात पुढे जाताना वरचा झोत मागे रेलतो, नळीवर नीट पडत नाही. तेव्हा बरंचसं काम शेपटीवरचे उभे पंख करतात.

आवाज कमी, म्हणून नोटारचं कौतुक फार होतं. माझ्या मते जरा जास्तच. आतला पंखा शक्ती खातोच, आणि इतक्या वर्षांत हा प्रकार मोजक्याच मॉडेलांपुरता राहिला.

मला जास्त आवडतो तो कामोव्ह या रशियन कंपनीचा उपाय. आपल्या नौदलाकडे कामोव्ह-२८ आणि ३१ आहेत. एकाच दांड्यावर दोन रोटर, म्हणजे वरच्या पात्यांचे दोन संच, उलटसुलट फिरणारे, म्हणजे दोघांची ओढ परस्पर फिटते. वळायचं तर एकाच्या पात्यांचा कोन वाढवायचा, दुसऱ्याचा तेवढाच कमी करायचा. उचल तीच राहते आणि नाक वळतं. शेपूटही आखूड पुरते, त्यामुळे युद्धनौकेच्या चिंचोळ्या डेकवर सोय होते.